पऱ्हाटीचा भारा आणि एक युनिट

मार्च २०२१ मध्ये मी हिंगणघाटवरून एक जुनं सोलर पॅनल आणलं, ३३५ वॅटचं, साडेपाच हजारात, ऑटोच्या टपावर दोरीनं बांधून. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी घरी मोठा सेट बसवला होता म्हणून जुनी पॅनलं काढून ठेवली होती. मी सोबत मल्टिमीटर घेऊनच गेलो होतो. पॅनल उन्हात ठेवून व्होल्टेज पाहिलं, ४२ च्या वर आलं, मागची पट्टी वाचली, काचेला तडा नाही, सेलवर कुठं तपकिरी डाग नाही, म्हटलं चला. जुनं पॅनल घेणाऱ्यानं एवढं तरी बघावंच, आणि ते कुणाच्या शेतातल्या पंपावरून उचलून आणलेलं नाही ना हेही दोनदा विचारावं, कारण तसली पॅनलं बाजारात फिरतात आणि आपल्यासारख्याच एखाद्या शेतकऱ्याचं ओलित त्यापायी बंद पडलेलं असतं.

तेव्हा पोरीची शाळा मोबाईलवर होती. लाईन गेली की टॉवर जायचा, टॉवर नाही गेला तर मोबाईलची बॅटरी संपायची, आणि पोरगी तोंड पाडून बसायची. मला घर काही सोलरवर चालवायचं नव्हतं. दोन पंखे, चार लाईट, दोन मोबाईल, एवढं आपलं आपण करता येतं का बघू, एवढाच विचार. १५० एएचची (अँपिअर-अवर), १२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी घेतली, ती मात्र नवी, १४ हजाराला, कारण जुनी बॅटरी घेणं म्हणजे म्हातारा बैल बाजारातून दात न पाहता आणणं. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा, नऊशे रुपयांचा एक साधा कंट्रोलर घेतला आणि जोडून दिलं.

चार दिवस झाले तरी बॅटरी फुल होईना. ऊन तर असं की पत्र्यावर पाय ठेववत नव्हता. क्लॅम्प मीटर लावून पाहिलं तर फक्त ९ अँपिअर. ९ गुणिले बॅटरीचे १३ व्होल्ट म्हणजे ११७ वॅट. माझं पॅनल ३३५ चं आणि घरात येतंय त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं! दोन दिवस मी वायरी काढ-घाल करत बसलो, मग एका इलेक्ट्रिशियन मित्राला फोन लावला तेव्हा कळलं. मोठी पॅनलं असतात ७२ सेलची, ती ३७-३८ व्होल्टवर काम करतात, ती २४ व्होल्टच्या सिस्टिमसाठी. १२ व्होल्टच्या बॅटरीला जुनी लहान ३६ सेलवाली लागतात, जी १८ व्होल्टच्या आसपास चालतात. साधा म्हणजे पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणून ठेवतो. अँपिअर तेवढेच राहतात, वरचं व्होल्टेज वाया. तीस फुटांवरच्या टाकीचं पाणी आधी दहा फुटांवर उतरवायचं आणि मग तिथून तोटी सोडायची, तसं. पाणी तेवढंच, जोर गेला. एमपीपीटी कंट्रोलर तो जास्तीचा जोर अँपिअरमध्ये बदलून देतो. तो ३० अँपिअरचा घेतला, ४८०० ला, आणि त्याच उन्हात त्याच पॅनलमधून २० अँपिअर बॅटरीत जायला लागले.

हे एवढं सविस्तर सांगतोय कारण ही एक चूक मी गावागावात पाहिलीय. लोक स्वस्तात मोठं पॅनल आणतात, स्वस्तात साधा कंट्रोलर आणतात, आणि मग सांगतात की सोलर काही कामाचं नाही. पॅनलचा काही दोष नसतो हो.

दुसरी गोष्ट सावलीची. आमच्या अंगणातल्या निंबाची एक फांदी, हाताच्या मनगटाएवढी, दुपारी अडीचनंतर पॅनलच्या खालच्या कोपऱ्यावर यायची. कोपराच तो, आपल्याला वाटतं दहातला एक भाग गेला असेल. मीटरवर अर्ध्यापेक्षा खाली यायचं. सगळे सेल एका माळेत ओवलेले असतात, एक अंधारात गेला की सगळ्या माळेला अडवतो, मध्ये डायोड असतात म्हणून निदान बाकीचा भाग चालतो. फांदी तोडायची गोष्ट काढली तर आईनं सरळ नाही म्हटलं, निंब बाबांनी लावलेला. मग पॅनल स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला नेलं, विटांच्या ओट्यावर अँगल ठेवून दक्षिणेकडे तोंड, वीस-एकवीस अंशाचा उतार. आपल्याकडे मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे नवतपा, कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागतो त्याच सुमारास, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते, पण बाकी वर्षभर तो जास्त वेळ दक्षिणेलाच असतो म्हणून हा उतार.

आणि नवतपाचं म्हणाल तर, सगळ्यांना वाटतं की मे महिन्यात आपल्या विदर्भात सोलर धो धो चालत असेल. तसं नसतं. पॅनलला उजेड पाहिजे, ताप नको. २५ अंशाच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी होते, आणि ४५ अंशाच्या दुपारी काच-सेल ७० अंशापर्यंत जातात, म्हणजे जवळपास सहावा हिस्सा तिथंच गेला. माझ्या मीटरवर फेब्रुवारीत भर दुपारी २० अँपिअर दिसतात, मे महिन्यात १६-१७. म्हणून पॅनल स्लॅबला चिकटवू नये, खालून हवा खेळू द्यावी.

असं करत करत दिवसाला सव्वा युनिट पडायला लागलं. पण बॅटरीतून काढायचं ते तिच्या निम्म्याच्या वर नाही, कारण लेड अ‍ॅसिड बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली की दोन वर्षांत बसते. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-अवर, निम्मे ९००, आणि हजार वॅट-अवरचं एक युनिट. त्यात जुना ७५ वॅटचा पंखा रात्रभर चालवला की संपला हिशोब. म्हणून जास्तीचं पॅनल घेण्याऐवजी मी पंखे बदलले, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचे, २८ वॅटचे आणले, तेव्हा कुठं रात्र निघाली. कमी पैशात करायचं असेल तर पहिला खर्च पंख्यावर करा आणि मग पॅनलवर, हे माझं आता पक्कं मत झालंय. कूलर मात्र मी लाईनवरच ठेवला. त्याची मोटर रात्रीतून दीड युनिट खाते, आणि एप्रिल-मेमध्ये विदर्भात कूलरशिवाय म्हाताऱ्या माणसानं झोपायचं कसं.

तर हे सगळं जमलं आणि मी एका दुपारी काच पुसत होतो, बोंडअळीच्या फवारणीच्या जुन्या पंपानं पाणी मारून. खालून आईनं विचारलं, "याच्यावर सैपाक होते का रे?"

मी म्हटलं, नाही होत, लाईट-पंखे होतात.

"मंग ठीक हाय," म्हणाली, आणि भारा घेऊन मागच्या दारानं आत गेली.

तिनं टोमणा नव्हता मारला. आईला टोमणे मारता येत नाहीत. तिनं खरंच विचारलं होतं आणि उत्तर मिळालं म्हणून ती गेली. पण मला तो भारा दिसला. रोजच दिसायचा तसा, पऱ्हाटीचा, नायलॉनच्या दोरीनं बांधलेला, एका बाजूनं तिच्या लुगड्याचा पदर त्याच्यात अडकलेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कापूस वेचून झाल्यावर शेतात जी वाळकी झाडं उभी राहतात ती पऱ्हाटी. जानेवारी-फेब्रुवारीत उपटतात, बरेचजण धुऱ्यावर जाळून टाकतात, आणि ज्यांच्या घरी चूल आहे त्या बाया तिचे भारे करून घरी आणतात, मागच्या पडवीत रचतात, वर तुराट्या, मग पावसाळाभर पुरवतात. आमच्या घरी सिलेंडर होता. आमच्या गावात २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर तर बहुतेक घरी आला. पण पाहुण्याचा चहा सिलेंडरवर आणि रोजची भाकर, वरण, आंघोळीचं पाणी चुलीवर, हे आमच्याकडं आणि शेजारीपाजारीही तसंच चालू होतं. भरायला पैसे लागतात, पऱ्हाटीला लागत नाहीत, एवढी साधी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापसाचा काटा काढला आणि आई चुलीशी नेणार त्या काड्या आधी मोजल्या. आई म्हणे, "काहून रे, पऱ्हाटी कायले मोजून रायला?" मी म्हटलं, आठ दिवस मोजू दे. आठ दिवस मोजली, सरासरी सहा किलो निघाली. आता वाळल्या काडीच्या एका किलोत ढोबळमानानं साडेचार युनिट उष्णता असते. सहा किलो म्हणजे सत्तावीस युनिट.

सत्तावीस! मी वरती छतावर सव्वा युनिटाचं कौतुक करत होतो, मीटर लावून, फोटो काढून, आणि माझी सदुसष्ट वर्षांची आई रोज सत्तावीस युनिट डोक्यावरून आणत होती. तिला कुणी मीटर लावला नव्हता. आमच्या घरात कापूस क्विंटलमध्ये मोजतात, दूध लिटरमध्ये, मजुरी दिवसावर, डिझेल पैशात, आणि घरातली सगळ्यात मोठी ऊर्जा कुणी कधी मोजलीच नव्हती, कारण ती आई आणत होती.

आणि त्या सत्ताविसातली भांड्यापर्यंत पोचतात किती, तर तीन-चार. साध्या तीन दगडांच्या किंवा मातीच्या चुलीत दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागतात, बाकी घराबाहेर, भिंतीत, आणि धुरात. तो धूर आईच्या डोळ्यात. दर हिवाळ्यात खोकला धरतो, आम्ही म्हणतो थंडीनं धरला.

त्या रात्री मी वहीत मांडलं की हेच काम सोलरवर करायचं तर काय लागेल. इंडक्शनवर रोज चारेक युनिट, म्हणजे माझ्यासारखी तीन-चार पॅनलं, बॅटऱ्या वेगळ्या, मोठा इन्व्हर्टर वेगळा. लाखाच्या घरात. आमच्याकडे नव्हते. आणि तेव्हा मला मागच्या गोठ्याकडचा उंचवटा आठवला, ज्याच्यावर आम्ही पंधरा-सोळा वर्षं कुटाराची, म्हणजे भुशाची, गंजी रचत होतो.

तो बाबांचा गोबरगॅस. १९९२ सालचा, दोन घनमीटरचा, दीनबंधू मॉडेल. त्याआधी लोखंडी टाकीचे गोबरगॅस असायचे, ज्याची टाकी गॅस भरला की वर यायची. ते महाग, आणि लोखंड गंजायचं. दीनबंधू १९८० च्या दशकात निघालं, त्यात लोखंडाची टाकीच नाही, सगळा घुमट विटांचा जमिनीत, वरती फक्त गॅसचा पाइप दिसतो. बाबांनी गावात पहिला बांधला होता. मग जनावरं कमी झाली, घुमटातून गॅस गळायला लागला, मिस्त्री मिळेना, सिलेंडर आला, आणि बंद पडला तो पडला. बाबा २०१४ ला गेले तेव्हा तो गंजीखाली होता.

गंजी हटवली, माती काढली तर इनलेटच्या टाकीच्या कडेला ओल्या सिमेंटवर बोटानं काढलेलं १९९२ दिसलं. बोट बाबांचंच. नऊ आकड्याचं शेपूट ते असं बाहेर वळवायचे.

इथं एक गोष्ट हात जोडून सांगतो. जुन्या गोबरगॅसमध्ये असं उठून उतरू नका. आत ऑक्सिजन नसतो, सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू असू शकतो, आणि तो जास्त झाला की त्याचा वास येणंच बंद होतं. अशा टाक्यांत एक उतरला, त्याला काढायला दुसरा उतरला, असे दोघं-तिघं सोबत गेलेत आपल्या देशात. आणि विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहतात तसं इथं अजिबात करू नका, आत मिथेन असला तर भडका उडतो. आम्ही वरचा गॅसचा पाइप काढून आणि आउटलेटवरच्या फरश्या काढून पंधरा दिवस उघडं ठेवलं, मग पाठीवरच्या ब्लोअर पंपानं तास-तासभर हवा मारली, आणि आउटलेटच्या बाजूनं मिस्त्री उतरला तो कमरेला दोर बांधून, वर दोघं दोर धरून उभे, हवा चालूच. मी सबंध वेळ त्याच्याशी बोलत होतो, काहीही, पिकापाण्याचं, फक्त त्याचा आवाज येत राहावा म्हणून.

आत वाळून दगड झालेला गाळ निघाला, बत्तीस घमेले. घुमटाला आतून दोन ठिकाणी केसासारख्या चिरा होत्या. पाण्याला त्या अडवतात, गॅसला नाही अडवत. खरवडून, सिमेंटचा घोटीव थर देऊन, वरून काळा ऑइलपेंट मारला. पाइप नवा, शेगडी नवी, कारण गोबरगॅसच्या शेगडीचं भोक मोठं असतं, सिलेंडरची शेगडी तशीच लावली तर ज्योत धरत नाही. सगळं मिळून ९४०० रुपये लागले. नवीन बांधला असता तर याच्या चार-पाच पट.

पहिल्या भरण्याला तीन बंड्या शेण लागलं. तेवढं आमच्याकडे कुठून असणार, शेजारच्या काकांनी दोन बंड्या दिलं, म्हणाले तुह्या बापानं माह्या पोरीच्या लग्नात याच्याच गॅसवर चहा करून पाजला होता. शेण आणि पाणी बरोबरीनं कालवून सोडायचं, काडीकचरा हातानं वेचून काढायचा, नाही तर वर साय धरते. एप्रिल होता, ताप होता, वीस-बावीस दिवसांत प्रेशर दिसलं. पहिला गॅस पेटवायचा नसतो, त्यात हवा मिसळलेली असते, तो सोडून द्यायचा. दुसऱ्याही वेळी पेटला नाही, आई म्हणे राहू दे. तिसऱ्यांदा काडी नेली आणि निळी ज्योत पकडली, दुपारी तर दिसतही नव्हती नीट, आईनं हात वर धरून पाहिला आणि पटकन ओढून घेतला.

आता हिशोब. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस. आमची एक बैलजोडी, एक गवळाऊ गाय, आणि एक म्हैस. चौघांचं मिळून पन्नास किलोच्या आसपास होत असेल, पण बैल दिवसभर शेतात, गाय चरायला, त्यामुळे गोठ्यात हाती लागतं ते पस्तीसेक किलो. त्यातलं सडा-सारवणाचं आईनं आधी बाजूला काढायचं, त्यावर तिनं काही ऐकून घेतलं नाही, आणि बरोबरच आहे. तरी सव्वा घनमीटरच्या आसपास गॅस होतो. एका घनमीटरात सहा युनिट धरले तर आठेक युनिट, आणि गोबरगॅसच्या शेगडीत निम्म्याहून जास्त भांड्याला लागतात. म्हणजे चार-साडेचार. चुलीवर सत्तावीस जाळून जेवढं भांड्यात पोचत होतं, तेवढंच इथं गोठ्यातून, बिनधुराचं. वहीत ते दोन आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा मी बराच वेळ तसाच बसलो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जुलैत एका सकाळी ज्योत भकभक करायला लागली, लांब व्हायची, पडायची, मग विझली. मला वाटलं घुमट पुन्हा गळला. तीन दिवस चूल पेटली. शेवटी आईनंच पाइपावर कान ठेवला आणि म्हणाली, "याच्यात पानी गुळगुळ करून रायलं." गॅस ओलसर असतो, गार पाइपात त्याचं पाणी होतं, आणि अंगणात पाइपाला जिथं झोळ पडला होता तिथं ते साचलं होतं. सगळ्यात खालच्या जागी टी लावून एक छोटा कॉक दिला. आता आठ दिवसांनी तो उघडला की वाटीभर पाणी निघतं, संपलं. मी मीटर घेऊन फिरतो आणि तिनं कानानं शोधलं.

वर्धा जिल्ह्यात राहून या गोष्टी करताना मगनवाडी आठवल्याशिवाय राहत नाही. १९३४ मध्ये गांधीजींचा ग्रामोद्योग संघ झाला, आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांचे सहकारी, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा बसून याच गोष्टींचा विचार करत होते, घाण्याच्या तेलावर चालणारा मगनदीप, धूर बाहेर नेणारी मगनचूल. कुमारप्पा दोन प्रकारची अर्थव्यवस्था सांगायचे, एक साठ्याची, कोळसा, पेट्रोल, काढलं की तेवढं कमी झालं, आणि एक प्रवाहाची, जी येत राहते आणि आपण तेवढीच घ्यायची. लहानपणी शाळेच्या सहलीला मगन संग्रहालय पाहिलं होतं, तेव्हा फक्त चरखे लक्षात राहिले. आता मात्र हे रोज समोर दिसतं. आमच्या विदर्भातच चंद्रपूरचा २९२० मेगावॅटचा प्रकल्प आहे, कोराडी आहे, खापरखेडा आहे, मौदा आहे, आमच्या जमिनीखालचा कोळसा तिथं जळतो आणि राखही आमच्याच पाण्यात-हवेत येते. तो साठा. आणि गोठ्यात रोज सकाळी पडतं ते शेण, धुऱ्यावर जाळतात ती पऱ्हाटी, अंगणात बायका ज्या उन्हात सरगुंडे, कुरडया, पापड वाळवतात ते ऊन, हा प्रवाह. आई, आजी, तिची आई, या सगळ्या पिढ्यानपिढ्या उन्हावरच घर चालवत आल्यात, आपण त्याला वाळवण म्हणतो म्हणून ते ऊर्जेत धरत नाही.

त्यावरूनच मग पेटीची सूर्यचूल घेतली. लाकडी पेटी, आत काळा पत्रा, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. शेतात जाताना दहा वाजता तुरीची डाळ आणि तांदूळ ठेवून गेलं की एक-दीडपर्यंत मऊ. करपत नाही, हलवावं लागत नाही. फोडणी होत नाही, भाकर होत नाही, आणि श्रावणातल्या झडीत पेटी कोपऱ्यात पडून राहते. तरी ऑक्टोबर ते मे आमचं दुपारचं वरण उन्हावर शिजतं.

पवनचक्कीचंही विचारतात लोक. आपल्याकडे नका पडू त्यात. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर वीज आठव्या हिश्शावर येते, आणि आपलं वारं पावसाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर निपचित. सातारा, सांगली, धुळ्याकडच्या डोंगरांवर ठीक आहे ते.

सरकारी योजनेचंही सांगतो, कारण २०२१ मध्ये ती नव्हती आणि तेव्हा असती तर मी वेगळा विचार केला असता. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर आली, एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्याच्या वर ७८ हजार सबसिडी. एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो, जास्तीची लाईनीत जाते आणि बिलात वळती होते, बॅटरीचा खर्च नाही. पक्का स्लॅब आणि रीतसर मीटर असेल त्यानं तेच करावं. फक्त एक जाणून घ्या, लाईन गेली की ते सोलरही बंद होतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवासाठी ते तसंच ठेवावं लागतं. हे आधी न कळल्यामुळे आमच्याच गावात एक घर फसवल्यासारखं तोंड करून बसलं होतं. ज्यांच्याकडे लाईन जास्त जाते त्यांनी सोबत माझ्यासारखा लहान बॅटरीचा सेट ठेवला तर बरं. आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच टाका, महिन्याला झाकण उघडून पहा. माझी पहिलीच बॅटरी साडेचार वर्षं होत आली तरी चालू आहे ती एवढ्यामुळेच.

हिवाळ्यात गोबरगॅस कमी होतो. आतल्या जिवाणूंना पस्तीसेक अंशाचा ताप आवडतो आणि आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री दहाच्या खाली जातं. पहिल्या हिवाळ्यात गॅस निम्म्यावर आला, मी नेटवर वाचत बसलो. आईनं घुमटावर पुन्हा कुटार पसरलं, गुडघाभर, आणि शेण कालवायचं पाणी सकाळच्या ऐवजी दुपारचं घ्यायला लागली, काळ्या ड्रममध्ये दिवसभर उन्हात ठेवलेलं. मला तिनं हे सांगितलंही नाही. एक दिवस शेण कालवताना पाण्यात हात घातला तर कोमट लागलं तेव्हा मी विचारलं. "थंड्या पान्यात आपल्याले तरी भूक लागते का?" म्हणाली.

भारा अजून बंद झालेला नाही. आंघोळीचं पाणी पऱ्हाटीवरच तापतं, दिवसाला दीड-दोन किलो. सहाची दोनवर आली. खोकला यंदा आला पण लवकर गेला, आणि त्याचं श्रेय कशाला द्यायचं ते मी ठरवत नाही. सोलर हीटरला पंधरा-वीस हजार लागतात, यंदा सोयाबीनच्या भावानं ते जमणार नव्हतं. पण शेतात ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्या पडल्या होत्या, १६ एमएमच्या, भोकं बुजवून शंभर मीटर जोडली आणि न्हाणीच्या टिनावर वेटोळं करून घातली. शंभर मीटरमध्ये चौदा लिटर पाणी मावतं, एक बादली. सकाळी नाही, दुपारीच तापतं. आईला म्हटलं, तू शेतातून आल्यावर आंघोळ करत जा आता, सकाळच्या गारठ्यात नको.

फेब्रुवारीतली दुपार होती. ती वावरातून आली, पाय धुतले, मी तोटी सोडली. आधी थोडं गार आलं, मग नळीतून वाफाळलेलं. बादली भरली. आईनं मनगटापर्यंत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला.

"इसन टाक रे याच्यात," म्हणाली, "पोळून रायलं."